निशाणाचे वय
(स्मारके आणि लोकमत : लेखांक चौथा)

एखादे निशाण किंवा पुतळा सार्वजनिक जागी असावा की नसावा, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे दोन्ही पक्ष, ज्या काळाचे ते स्मरण, त्या काळाविषयीच हिरिरीने भांडतात. ती वस्तू तेथे कोणी, कोणत्या साली आणि कोणत्या ठरावान्वये आणून उभी केली, याचे दप्तर मात्र सहसा कोणी उघडीत नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याची राजधानी कोलंबिया. तेथील विधिमंडळाच्या घुमटावर आणि पुढे त्याच्याच प्रांगणात मिळून ५४ वर्षे जे निशाण फडकले, त्याची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

लाल पटावर निळी तिरपी फुली व तीत तेरा पांढरे तारे, असे त्याचे रूप. यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या फौजांनी ते रणांगणावर मिरविले. हे आमच्या पूर्वजांच्या शौर्याचे चिन्ह आहे, गुलामगिरीशी त्याचा संबंध नाही, असे त्याचे कैवारी म्हणतात. या म्हणण्यातील वेदना मी खोटी मानीत नाही. ज्यांच्या पदरी एकही गुलाम नव्हता असे कितीतरी गरीब शेतकरी त्या युद्धात कामास आले, आणि त्यांच्या वंशजांना त्यांची आठवण जपण्याचा अधिकार आहे. परंतु युद्ध कशासाठी झाले, हे वंशजांच्या भावनेवरून ठरविण्याची गरजच नाही, कारण ते पुढाऱ्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. २० डिसेंबर १८६० रोजी सर्वांच्या आधी फुटून निघालेल्या याच राज्याने चार दिवसांनी आपल्या कृत्याची कारणे सांगणारा जाहीरनामा मंजूर केला, आणि उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत व गुलामगिरीला पाप म्हणतात, हीच त्यातील मुख्य तक्रार होती.

येथवरचा युक्तिवाद बहुतेकांना परिचित असतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी तारीख. युद्ध १८६५ साली संपले. घुमटावर हे निशाण चढले ते १९६१ च्या एप्रिलात, तब्बल ९६ वर्षांनी. निमित्त युद्धाच्या शताब्दीचे होते; पण शताब्दीपुरते लावलेले हे निशाण कायम ठेवण्याचा ठराव १९६२ साली विधिमंडळाने संमत केला, आणि ते केव्हा उतरवावे याची मुदत त्यात घातली नाही. आता त्याच प्रांगणात आदल्याच महिन्यात काय घडले होते, ते पाहावे. २ मार्च १९६१ रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्यासाठी शांतपणे तेथे जमले असता त्यांपैकी १८७ जणांना अटक झाली, व त्यांची शिक्षा पुढे १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल दक्षिणेच्या सत्ताधाऱ्यांच्या जिव्हारी लागलेला असताना, या घटनेपाठोपाठ जे निशाण राज्यसत्तेच्या मस्तकावर चढते आणि तेथेच ठेविले जाते, ते मृतांच्या स्मृतीपेक्षा जिवंतांना दिलेली ताकीदच अधिक होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे बहिष्काराच्या दडपणाखाली २००० साली तडजोड झाली; निशाण घुमटावरून उतरले, पण प्रांगणातील सैनिकस्तंभापाशी पुन्हा लागले, आणि दोनतृतीयांश मतांवाचून त्यास हात लावता येऊ नये असे कलम कायद्यात आले. त्या कलमाचा अर्थ १५ वर्षांनी उघड झाला. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेषाने पछाडलेल्या एका गोऱ्या तरुणाने नऊ जणांची हत्या केली. त्यांत चर्चचे धर्मोपदेशक व राज्याच्या सिनेटचे सभासद क्लेमेंटा पिंकनी होते. त्यांचा देह २४ जून रोजी विधिमंडळात दर्शनासाठी ठेविला तेव्हा राष्ट्राचा व राज्याचा ध्वज अर्ध्यावर उतरविलेला होता, आणि हे निशाण मात्र पूर्ण उंचीवर फडकत होते. तीन दिवसांनी ब्री न्यूसम या कृष्णवर्णीय तरुणीने खांबावर चढून ते काढले. तिला अटक झाली व तासाभराच्या आत निशाण पुन्हा वर गेले. अखेर प्रतिनिधिगृहाने ९४ विरुद्ध २० मतांनी फैसला केला आणि १० जुलै रोजी ते उतरवून कोलंबियातीलच युद्धवस्तूंच्या संग्रहालयाकडे सुपूर्त झाले.

महाराष्ट्राला हा वाद सर्वस्वी परका नाही. युद्ध संपून आठच वर्षे झाली असताना, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील जनांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांना त्या युद्धाचे मर्म कळले होते. दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने ते निशाण फडकवून अनेक वर्षे लोकांपासून झाकण्याचा यत्न केला, हे दुर्दैव होय.

निशाण संग्रहालयात गेले, हे योग्यच झाले. मात्र त्याच्या शेजारी १९६२ चा ठराव आणि त्या १८७ विद्यार्थ्यांच्या अटकेची हकीकत अवश्य लावावी. जेथे निशाण लाविले होते तो सैनिकस्तंभ मात्र १८७९ चा, म्हणजे ज्यांनी आपली माणसे प्रत्यक्ष गमावली त्या पिढीचा आहे, आणि म्हणून त्याचा न्याय निराळा करावा लागेल. तो स्तंभ आजही त्याच प्रांगणात उभा आहे.