निवृत्तीनंतरचे दुखणे आणि कामाची मात्रा

“वडिलांना निवृत्त होऊन वर्ष झाले. रोज काहीतरी नवीन दुखते. रक्त, लघवी, कार्डिओग्राम, सगळे केले, काही निघत नाही. तुम्ही एखादे ताकदीचे इंजेक्शन द्या.” असा आग्रह धरणारे मुलगे आणि सुना दर महिन्याला माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्यासाठी आणि त्या वडिलांसाठीही हा लेख आहे.

अशा रुग्णाला आधी नीट तपासलेच पाहिजे. रक्तक्षय, थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नकळत वाढलेली साखर हे सारे उतारवयात ‘गळून गेल्यासारखे वाटते’ एवढ्याच तक्रारीने समोर येऊ शकतात. ते नाही अशी खात्री झाली की मी एकच प्रश्न विचारतो : “काका, उद्या तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, तर कोणाचे काही अडेल का?” बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मग मी इंजेक्शनाऐवजी गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची वेळ लिहून देतो.

आपल्याकडे आता तालुक्याच्या गावीही असे संघ आणि विरंगुळा केंद्रे झाली आहेत. कुठे नगरपालिकेच्या हॉलमध्ये, कुठे देवळाच्या सभामंडपात. वर्तमानपत्रे, कॅरम, भजन, वर्षातून एखादी सहल. काहींना हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. पण वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर तिथे जाण्यासाठी जे करावे लागते तेच अर्धे औषध आहे. दाढी करणे, कपडे बदलणे, चपला घालून अर्धा किलोमीटर चालणे, चार जणांशी बोलणे. निवृत्त माणूस घरी बसतो तेव्हा नेमके हेच बंद पडते.

बसून राहिल्याने शरीराचे काय होते? स्नायू वापरले नाहीत की झिजतात, आणि साठीनंतर ही झीज वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू घटले. पायातली ताकद गेली की तोल जातो, तोल गेला की मनुष्य पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. पुढचे मी वाचकांना सांगायला नको. प्रत्येकाच्या नात्यात असे एखादे उदाहरण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, पासष्टीपुढील व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे दम थोडा वाढेल असे चालावे आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा व्यायाम करावा. हे संघात सहज जमते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, एका टाचेपुढे दुसरे पाऊल ठेवून सरळ रेषेत चालणे. पहिल्या दिवशी पाच वेळाही उठता आले नाही तरी हरकत नाही. चालताना बोलता आले पाहिजे, एवढीच मर्यादा पाळावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सतरंजीवरून एकदम उठू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात थोडी साखर बाळगावी. छातीत दुखले तर मात्र तिथेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. संघात नुसते जाऊन बसणे चांगले, पण तिथे एखादे नेमून दिलेले काम असणे अधिक चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुण्यासारखा येणारा सभासद पाऊस पडला की घरी राहतो. ज्याच्याकडे किल्ली आहे, तो छत्री घेऊन येतो!

हे केवळ माझे निरीक्षण नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या व्यक्तींना प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला शिकवण्याचे काम देण्यात आले, आठवड्याला सुमारे पंधरा तास. कोणाला काम द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. हे महत्त्वाचे, कारण एरवी धडधाकट माणसेच समाजकार्याला जातात आणि आपण त्यांच्या प्रकृतीचे श्रेय कामाला देतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काम करणाऱ्यांची हालचाल वाढली, दूरदर्शनसमोर बसणे कमी झाले आणि अडीअडचणीला हाक मारता येईल अशी माणसे वाढली. इतके तास सर्वांना झेपतील असे नाही. २०२० च्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्याला दोन तास स्वेच्छेने काम करणाऱ्यांतही मृत्यूचे आणि हालचाल अडण्याचे प्रमाण कमी दिसले.

दोन तासांत करण्यासारखे आपल्या गावात भरपूर आहे. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत गोंधळलेल्या म्हाताऱ्यांना खिडकी दाखवणे. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याला मदत करणे. श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून देणे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या मुलांकडून धडा वाचून घेणे. अंथरुणाला खिळलेल्या जुन्या सभासदाकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसणे. माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला येणारे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आता संघाचा जमाखर्च ठेवतात. पैशाचा हिशेब त्यांच्या हाताला सवयीचा. गोळी हळूहळू कमी करत सहा महिन्यांत बंद झाली. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईल, असे मी म्हणणार नाही.

संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही थोडे सुनावतो, राग नसावा. सत्कार आणि भाषणे कमी करा. पंचाहत्तरीच्या माणसाला लोखंडी खुर्चीवर दीड तास बसवून शाल-श्रीफळ देणे हा आरोग्यवर्धक कार्यक्रम नव्हे. दुसरे, स्वच्छ शौचालय. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष आणि मधुमेही स्त्रिया केवळ या कारणाने येत नाहीत, किंवा येण्याआधी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जंतुसंसर्गाने माझ्याकडे येतात.

तिसरे, स्त्रिया. बहुतेक संघ सायंकाळी पाच ते सातला भरतात. ती वेळ पुरुषांच्या सोयीची, घरातल्या आजींची नव्हे. दुपारी तीन ते पाच ठेवून पाहा. एका आजींना मी संघात जायला सुचवले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काय येतंय डॉक्टर, मी चौथी शिकलेली.” त्या गोधड्या फार सुरेख शिवतात. आता बुधवारी दुपारी सहा-सात जणी त्यांच्याकडून टाके शिकतात. नातवंडे सांभाळणाऱ्या आजींचे काम तर आधीच पूर्णवेळ आहे. त्यांना घरच्यांनी आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी द्यावी, एवढेच.

ज्याला दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रडू येते, ‘आता नको झाले जगणे’ असे जो बोलतो, त्याला संघात नेऊन भागत नाही. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत, त्याला डॉक्टरांकडे आणा. रात्रीबेरात्री कोणाशी बोलावेसे वाटल्यास १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मोफत दूरध्वनी आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

आणि एखादा सभासद हळूहळू मागच्या रांगेत बसू लागला, मग येईनासाच झाला, तर तो रुसला असे समजू नका. पुष्कळदा त्याला ऐकू येत नसते आणि सारखे ‘काय म्हणालात?’ विचारण्याची लाज वाटते. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे दिली, त्यांत बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत. अशा माणसाचे कान आधी तपासून घ्यावेत. कित्येकदा आत नुसता मळ साठलेला असतो आणि तो पाच मिनिटांत निघतो. हेअरपिन किंवा काडी घालून घरी काढू नये. त्याविषयी पुढील आठवड्यात.