कागद गोडीत असतानाच करा
स्टार्टअपच्या दशकाचा मागोवा

१६ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात ‘स्टार्टअप इंडिया’चा कृती आराखडा जाहीर झाला. २०२६ च्या जानेवारीत त्याला दहा वर्षे झाली. पहिल्या वर्षी सरकारी मान्यता मिळालेले स्टार्टअप काही शेकड्यांत होते. आज ती संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. या दशकाचा हिशोब बहुतेक वेळा उभारलेल्या निधीवरून मांडला जातो. इथे तो वेगळ्या अंगाने मांडायचा आहे. या काळात कायदा कसा बदलत गेला आणि त्यातून संस्थापकाने स्वतःसाठी व घरच्यांसाठी काय शिकावे, हे पाहायचे आहे.

सही वडिलांची, जबाबदारीही वडिलांची

कंपनी काढणे या दशकात खरोखर सोपे झाले. खासगी कंपनीसाठी किमान एक लाख रुपये भरणा भांडवलाची अट दशक सुरू होण्याआधीच, मे २०१५ मध्ये गेली होती. पुढे नाव, नोंदणी, पॅन, टॅन हे सगळे एकाच ऑनलाइन अर्जात आले. मात्र खासगी कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, ही अट कायम राहिली. एकट्याने धंदा सुरू करणारा मुलगा मग बायकोचे, आईचे किंवा निवृत्त वडिलांचे नाव घालतो. ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो,’ असे सांगून आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या जातात.

त्या सहीची किंमत २०१७ मध्ये कळली. केंद्र सरकारने वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. संचालक नावापुरता होता की कामाचा, हे कायदा विचारत नाही. जुलै २०१८ पासून वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला की दर दिवशी शंभर रुपये आणि त्याला कमाल मर्यादा नाही, असा नियम आला. एका फॉर्मला वर्षभर उशीर झाला तर ३६,५०० रुपये होतात, आणि असे फॉर्म दरवर्षी किमान दोन असतात. धंदा थांबला म्हणून हे भरणे थांबत नाही. म्हणून कंपनी चालत नसेल तर ती रीतसर बंद करावी. २०२३ पासून त्यासाठी केंद्राने स्वतंत्र कक्ष सुरू केला आहे आणि नाव काढून घेण्याची प्रक्रिया पूर्वीपेक्षा वेगवान झाली आहे. सही करणाऱ्या वडिलांनाही आपण कशावर सही करतो आहोत हे समजावून सांगितले पाहिजे.

निम्मे-निम्मे

संस्थापकांचे वाद या दशकाच्या उंबरठ्यावरच सर्वांसमोर आले. मुंबईतल्या आयआयटीच्या बारा विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये ‘हाउसिंग डॉट कॉम’ सुरू केली. जुलै २०१५ मध्ये त्यातलेच एक संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी राहुल यादव यांना संचालक मंडळाने पदावरून दूर केले. संस्थापकाचे पद आणि त्याचे शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुंतवणूक घेताना केलेल्या कराराने पदाची सूत्रे मंडळाकडे जातात, हे त्या वेळी अनेक तरुणांना प्रथमच समजले.

पण बहुसंख्य भांडणे वर्तमानपत्रात येत नाहीत. ती दोन मित्रांत होतात आणि त्यांचे मूळ पहिल्याच दिवशीच्या निम्म्या-निम्म्या वाटणीत असते. समजा, दोघांकडे प्रत्येकी ५,००० शेअर आहेत. दीड वर्षाने एकाला चांगली नोकरी मिळते आणि तो जातो. कागद केलेला नसेल, तर निम्मी कंपनी त्याच्याच नावावर राहते. मागे राहिलेला पुढची सात-आठ वर्षे राबतो आणि नवा गुंतवणूकदार विचारतो, ‘हे दुसरे पन्नास टक्के कोणाचे?’

याच्यावरचा उपाय म्हणजे संस्थापकांच्या करारनाम्यात व्हेस्टिंगचे, म्हणजे शेअर टप्प्याटप्प्याने पक्के होण्याचे, कलम घालणे. सर्वसाधारण प्रथा चार वर्षांची आहे. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्के होत नाही, आणि त्यानंतर दरमहा थोडे थोडे शेअर पक्के होत जातात. वरच्या उदाहरणात ४८ पैकी १८ महिने झाले, म्हणजे जाणाऱ्याचे १,८७५ शेअर पक्के. उरलेले ३,१२५ कंपनीकडे किंवा दुसऱ्या संस्थापकाकडे ठरलेल्या किमतीला परत येतात. जाणाऱ्याला केलेल्या कामाचे मोल मिळते, राहणाऱ्याचे हात बांधले जात नाहीत. याच करारात आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि वाद लवादाकडे गेला तर तो कोणत्या शहरात चालेल. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्यांनी मैत्री टिकावी म्हणूनच कागद करावा.

ओळखीचा पैसा

पैशाबाबतचा सर्वांत मोठा जाच एंजल टॅक्सचा होता. २०१२ च्या वित्त कायद्याने तो आणला. वाजवी बाजारमूल्याहून जास्त दराने शेअर विकले, तर वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न धरली जाई. ज्या कंपनीचा धंदाच अजून उभा राहायचा आहे, तिचे मूल्य कसे ठरवायचे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मान्यताप्राप्त स्टार्टअपना २५ कोटींपर्यंत सवलत मिळाली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा करच रद्द झाला. हा दिलासा खरा आहे.

त्यामुळे कागदाचे काम मात्र संपले नाही. मित्राने मदत म्हणून कंपनीच्या खात्यात पाच लाख टाकले, तर कायद्याच्या नजरेत ती ठेव ठरू शकते आणि अशी ठेव घ्यायला खासगी कंपनीला सहसा परवानगी नसते. संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात, पण ते स्वतःचे आहेत, उसने घेतलेले नाहीत, असे त्यांनी लिहून द्यावे लागते. मित्राला शेअर द्यायचे असतील तर पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात आणि ६० दिवसांत वाटप करावे लागते. वाटपाचे विवरणपत्र दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. ही शिस्त छोट्या रकमेलाही लागू आहे.

कंपनी सिंगापूरला नोंदवा, हा सल्लाही या दशकात जुना झाला. ‘फोनपे’ने २०२२ मध्ये सिंगापूरहून भारतात घर हलवले, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. परदेशी नोंदणीचा निर्णय फॅशन म्हणून घेऊ नये.

कोड कोणाचा?

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकाचा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड मात्र, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी, त्याचाच राहतो, जोवर तो लेखी हस्तांतर करत नाही. त्या लेखी कागदातही मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ एवढे शब्द राहिले, तर पाच वर्षांनी कंपनीच्या मुळावर प्रश्न उभा राहतो. लोगो काढणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. याउलट, ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धकाकडे जायचे नाही’ ही नेमणूकपत्रातली ओळ १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. तिच्यावर विसंबण्यापेक्षा गोपनीयतेचे कलम नीट लिहून घ्यावे.

पगार, चेक आणि घर

२०२० च्या टाळेबंदीनंतर २०२१ मध्ये पैशाचा पूर आला आणि २०२२ पासून तो ओसरला. ओहोटीत संस्थापकांची खरी परीक्षा झाली. खात्यात पैसे कमी असले की पगारातून कापलेला टीडीएस ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून वापरला जातो. तो सरकारचा पैसा आहे, आणि तो न भरल्यास खटला संचालकावर होऊ शकतो. चेक वटला नाही तर सही करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी कंपनीकडून वसूल न झालेला आयकर संचालकांकडून वसूल करण्याची तरतूद आहे. ‘मर्यादित जबाबदारी’ ही ढाल या ठिकाणी पुरी पडत नाही.

वैयक्तिक हमीचेही तसेच. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीवर स्वतंत्रपणे दिवाळखोरीची कारवाई करता येते, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. राहते घर तारण ठेवण्याआधी स्टार्टअपसाठीच्या सरकारी पतहमी योजनेबद्दल बँकेत विचारावे. ती ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

संस्थापकाच्या मृत्यूचा विचारही टाळला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शेअरचा नॉमिनी हा मालक नसतो, मालकी वारसांची असते. म्हणून नॉमिनेशन करून थांबू नये, मृत्युपत्रही करावे.

आणि शेवटी माणूस स्वतः. संस्थापकाने पहिल्या दिवसापासून थोडा का होईना पगार घ्यावा, घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे कंपनीबाहेर ठेवावेत, मुदतीचा विमा आणि घरच्यांचा आरोग्यविमा चुकवू नये. झोप उडाली, मन खचले तर ते कोणाजवळ तरी बोलावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी मदत मोफत मिळते. कंपनी बुडाली तर दुसरी काढता येते.

या दहा वर्षांत सरकारने दार रुंद केले. आत शिरल्यावर काय होते, त्याची काळजी मात्र संस्थापकालाच घ्यावी लागते. तुमची कंपनी सुरू झाली असेल, तर या महिन्यात चार कागद तपासा: संस्थापकांचा करारनामा, फ्रीलान्सरकडून घेतलेले हस्तांतरपत्र, वार्षिक विवरणपत्रांच्या पावत्या आणि तुम्ही सही केलेल्या हमीपत्रांची यादी. यातला एखादा हाती लागला नाही, तर आपल्या कंपनी सेक्रेटरीला किंवा वकिलाला लगेच फोन करा. संबंध गोड असतात तेव्हा हे कागद एका बैठकीत होतात. भांडण लागल्यावर ते करायला कोर्टात वर्षे जातात.