त्राटिकेची कन्नड बहीण

शेक्सपिअरची भांडकुदळ कॅथरिना पडद्यावर आणताना हॉलिवूडने दोनदा खरीखुरी नवराबायको गाठली. 1929 साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स, 1967 साली एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन. म्हणजे भांडणाचा सराव घरूनच झालेला! कन्नडमध्ये 1989 साली हीच गोष्ट उभी राहिली तेव्हा नायक होता कन्नड अभिनेते राजकुमार यांचा मधला मुलगा राघवेंद्र, नुकताच नायक म्हणून पडद्यावर आलेला. आणि नायिका होती मालाश्री. बालकलाकार म्हणून तिनं आधी कामं केली होती, पण कन्नडमधला तिचा हा पहिलाच चित्रपट. त्याचं नाव ‘नंजुंडी कल्याण’. कन्नडमध्ये कल्याण म्हणजे लग्न.

मूळ नाटक ‘द टेमिंग ऑफ द श्रू’, साधारण 1590 ते 1592 च्या सुमाराचं. पाडुआ गावच्या धनिकाला दोन मुली. धाकटीला मागणी घालणाऱ्यांची रांग, थोरलीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. आणि थोरलीचं जमल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही, असा बापाचा हट्ट. मग पेट्रुकिओ नावाचा एक पैशावर नजर ठेवून आलेला गडी थोरलीला पत्करतो. तो तिच्यावर हात उगारत नाही, त्याची रीत त्याहून बेरकी. ताटातलं मांस करपलंय म्हणून फेकून देतो आणि तिला उपाशी ठेवतो. शिंप्यानं आणलेला झगा तिला आवडतोय असं दिसताच त्यात खोड काढून तो परत पाठवतो. भर दुपारी सूर्याला चंद्र म्हणतो आणि तिच्याकडूनही वदवून घेतो. हे सगळं म्हणे तिच्या काळजीपोटी!

ही गोष्ट भारतात रुजायला वेळ लागला नाही, कारण उपवर मुली, हट्टी बाप आणि ‘थोरलीचं आधी’ हा नियम आपल्याकडे घरोघरी होताच. कन्नडमध्ये ती नाटककार पर्वतवाणी यांनी आणली. त्यांच्या रूपांतराचं नाव ‘बहाद्दूर गंड’, म्हणजे बहाद्दर नवरा. ‘नंजुंडी कल्याण’ उभा राहिला तो या नाटकावर. त्यामुळे पडद्यावर इंग्रजी नाटकाचा वास कुठे येत नाही. शेक्सपिअरचं कन्नडीकरण रंगभूमीनं आधीच उरकून ठेवलं होतं. कॅमेऱ्यापुढे आला तो कर्नाटकातला एक कौटुंबिक तंटा.

राजकुमारांच्या घराला नाटकातून सिनेमात येण्याची वाट नवी नव्हती. खुद्द राजकुमार आणि त्यांचे वडील पुट्टस्वामय्या दोघंही गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढलेले. राजकुमारांचा नायक म्हणून पहिला चित्रपट ‘बेडर कण्णप्पा’ (1954), तोही कंपनीच्या रंगमंचावरूनच आला. पुढे 1976 साली ‘बहाद्दूर गंडु’मध्ये त्यांनी गर्विष्ठ राजकन्येला वठणीवर आणणारा खेडूत रंगवला. राजकन्या होती जयंती. तेरा वर्षांनी तेच सूत्र राजवाड्यातून उतरून साध्या घरात आलं आणि बापाची भूमिका मुलाकडे गेली. दिग्दर्शक एम. एस. राजशेखर, लेखणी चि. उदयशंकर यांची, संगीत उपेंद्रकुमार यांचं. सगळी घरोब्याची माणसं.

पण चित्रपट लक्षात राहिला तो नव्या मुलीमुळे. पटकथेत देवी ही फटकळ, उद्धट, कुणाला न जुमानणारी पोरगी आहे, आणि रघू तिला सरळ करायला निघालेला नवरदेव. कागदावर बाजू रघूची. पडद्यावर मात्र मालाश्री भांडते तेव्हा तिला त्याची मनापासून मजा वाटतेय हे दिसतं. खाष्टपणा करताना ती कपाळाला आठ्या घालून बसत नाही, डोळे नाचवते. खलनायिकेचे संवाद विनोदी नटाच्या लयीत म्हटले की प्रेक्षक कुणाच्या बाजूला जाणार हे उघड आहे.

याची सगळ्यात ठळक खूण म्हणजे दारू चढल्यावर देवी जे गाणं म्हणते ते. आवाज मंजुळा गुरुराज यांचा. गाताना उचक्या, अडखळणं, मधेच सूर उंचावणं, सगळं आवाजातच आलंय. मालाश्रीनं त्यावर हातवाऱ्यांची आणि झोकांड्यांची भर घातली. बायका-पोरांसह बघायच्या 1989 च्या कौटुंबिक चित्रपटात नायिका तर्र होऊन गाते, आणि ते गाणं कन्नड पार्ट्यांमध्ये आजही वाजतं. गंमत अशी की शेक्सपिअरच्या नाटकातही एक दारुडा आहे, अगदी सुरुवातीला. स्लाय नावाच्या त्या भटक्या कल्हईवाल्याला शुद्धीवर आल्यावर ‘तू उमराव आहेस’ असं भासवून पुढचं नाटक दाखवलं जातं. कन्नडमध्ये नशेचा तो मान नायिकेला मिळाला.

मराठी वाचकाला ही नायिका परकी वाटायचं कारण नाही. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी याच नाटकावरून ‘त्राटिका’ लिहिलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ते गाजवलं. प्रतापराव, म्हणजे त्यातला पेट्रुकिओ, झाले गणपतराव जोशी आणि त्राटिका झाले बाळाभाऊ जोग. दोघेही पुरुष, त्यामुळे नवऱ्यानं बायकोला नमवण्याचा प्रसंग दोन कसलेल्या नटांच्या जुगलबंदीसारखा रंगत असणार. स्त्रीच्या भूमिकेत खरीखुरी स्त्री आली की हा खेळ बदलतो. पिकफर्डनं 1929 च्या चित्रपटात शेवटच्या आज्ञाधारक भाषणात हळूच डोळा मिचकावला, तो काही उगाच नव्हे.

मराठी आणि कन्नड रंगभूमींचं नातं तसं जुनंच. 1842 साली कर्नाटकातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले आणि पुढच्याच वर्षी विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले.

शेजाऱ्यांनीही या गोष्टीवर हात मारलाच. तमिळमध्ये शिवाजी गणेशन आणि भानुमती यांचा ‘अरिवाळी’ (1963) आला. ‘नंजुंडी कल्याण’वरून तेलुगूत ‘महाजनानिकि मरदलु पिल्ल’ (1990) निघाला.

आज ‘नंजुंडी कल्याण’ पाहताना काही ठिकाणी अवघडायला होतं. बायकोला नमवणं हाच ज्याचा विनोद, त्या गोष्टीला कितीही गाणी लावली तरी ते बोचतंच. शेक्सपिअरच्या हयातीतही ते कुणाला तरी बोचलं असावं. जॉन फ्लेचरनं ‘द टेमर टेम्ड’ या नाटकात पेट्रुकिओचं दुसरं लग्न लावलं आणि नव्या बायकोकडून त्यालाच सरळ करून घेतलं. त्याचं कन्नड रूपांतर पडद्यावर यायची गरजच पडली नाही, ते काम मालाश्रीनं केलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कन्नडमध्ये तिच्या नावावर चित्रपट चालू लागले. नायिका मध्यभागी ठेवून पटकथा लिहिल्या गेल्या, आणि पुढे ती हाणामारीच्या चित्रपटांची नायिका झाली. पटकथेनं देवीला नमवलं, प्रेक्षकांनी मात्र तिचा तोराच डोक्यावर घेतला. म्हणून हा चित्रपट बघायचा तर रघूसाठी नको, देवीसाठी बघा. आणि जमलं तर ‘त्राटिका’ची जुनी संहिता ग्रंथालयातून काढून आधी वाचा.