वृद्धांची चिकित्सा आणि घरातील परिचारक

आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये जराचिकित्सेस स्वतंत्र स्थान आहे. सुश्रुताचार्यांनी जरेची गणना क्षुधा, तृष्णा, निद्रा व मृत्यू यांच्यासमवेत स्वाभाविक व्याधींत केली आहे. वार्धक्य टाळता येत नाही. ते सुसह्य मात्र करता येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लाख होत्या. या वयाचे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात रोज येतात. परंतु त्यांची चिकित्सा प्रत्यक्षात ज्यांच्या हातून घडते, त्या मुला-सुनांचा विचार आपण औषधयोजना करताना क्वचितच करतो.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. आजच्या कुटुंबात अनुराग आटला आहे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल. उणीव आहे ती वेळेची, आणि उपचारज्ञतेची.

पाटस परिसराचेच उदाहरण घेऊ. पुणे-सोलापूर महामार्ग आणि पुणे-दौंड लोहमार्ग यांमुळे येथील कोणी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो, कोणी रोज रेल्वेने पुणे गाठतो. ऊसतोडणीच्या हंगामात शेतकरी कुटुंबातील कर्ती माणसे दिवसभर शिवारात असतात. दुपारी घरात म्हातारी माणसे एकटीच. अशा घरी चार वेळा औषध, दोन वेळा ताजा काढा आणि रोज सर्वांगास अभ्यंग असे लिहून दिल्यास ते कागदावरच राहते. मुलाला अपराधी वाटते, वडिलांना आपण ओझे झालो असे वाटते, आणि व्याधी आहे तेथेच राहतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : औषध कोण देणार आणि ती व्यक्ती घरी केव्हा असते? उत्तर रुग्णपत्रिकेवर नोंदवावे. चरक-वाग्भटांनी दहा व शार्ङ्गधरांनी पाच औषधकाल सांगितले आहेत. त्यांतून व्याधीस अनुकूल आणि घरास शक्य असे दोन काल, बहुधा सकाळच्या व रात्रीच्या भोजनालगतचे, बहुतेक रुग्णांत निवडता येतात. काढ्याऐवजी वटी किंवा चूर्ण चालत असेल तर तेच द्यावे. सर्वांगास अभ्यंग सुटीच्या दिवशी. एरवी रात्री दहा मिनिटे पादाभ्यंग पुरे. ते नातवंडेही करू शकतात, आणि तेवढा वेळ आजी-आजोबांशी कोणीतरी बोलते, हा लाभ वेगळाच. पादाभ्यंगानंतर तळवे पुसल्याखेरीज वृद्धास उठू देऊ नये. पाय घसरण्याचे भय असते.

दुसरी गोष्ट औषधांच्या यादीची. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांची आधुनिक औषधे, आपली औषधे आणि शेजाऱ्याने सुचविलेले चूर्ण असे सर्व एकाच वेळी चालू असते. ही सारी औषधे एका पिशवीत घालून आणण्यास सांगावे आणि एकच यादी करून द्यावी. तिची एक प्रत घरी, एक पुण्यातील मुलाकडे वा मुलीकडे असावी.

येथे औषधविक्रेत्या बांधवांचे साहाय्य मोलाचे ठरते. मुलगा कामावरून परतताना घाईने दुकानात येतो व वडिलांसाठी औषध मागतो. त्याला वडिलांचे वय, मधुमेह, रक्तदाब आणि चालू औषधे एवढे तरी विचारावे. काही गोष्टी विशेष ध्यानी ठेवाव्यात :

१. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या चालू असताना धोका अधिक.
२. लवणभास्कर चूर्णात मिठाचे प्रमाण बरेच असते. रक्तदाब, हृद्रोग, वृक्कविकार यांत सावधगिरी बाळगावी.
३. अवलेहांत साखर वा गूळ असतो. आसव-अरिष्टांत गुडादी मधुर द्रव्यांसह स्वयंजनित मद्यांशही असतो. मधुमेही व झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांस ती विचारपूर्वक द्यावीत.
४. इसबगोल व अन्य औषधे यांत दोन तासांचे अंतर असावे. सोबत पाणी भरपूर घ्यावे.
५. वेदनाशामक गोळ्या वारंवार नेल्या जात असल्यास विक्रेत्याने वैद्यास कळवावे. वृद्धांत त्यांमुळे जठरात रक्तस्राव व वृक्कास इजा होऊ शकते.

तिसरे कर्तव्य परिचारकास उपचारज्ञता देण्याचे. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून उशाशी पाणी भरून ठेवणे. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवणे. दर आठवड्यास तळपाय तपासणे, या गोष्टींना फारसा वेळ लागत नाही. मात्र अचानक भ्रम, एका अंगाची दुर्बलता, बोबडी वळणे, छातीत दुखणे, काळे मलप्रवर्तन, किंवा पडल्यानंतर उभे न राहता येणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्यास द्यावीत.

शेवटी परिचारकाविषयी. सासूची शुश्रूषा करणाऱ्या सुनेची झोप, तिचे कंबरेचे दुखणे, तिची चिडचिड यांची विचारपूस वैद्याखेरीज सहसा कोणी करीत नाही. दूर राहणाऱ्या भावंडांनी केवळ पैसे न पाठवता महिन्यातून दोन दिवस येऊन तिला विसावा द्यावा, हे वैद्याने सांगितल्यास कुटुंब ऐकते. तिसरा पाद खचला तर उरलेले तीन पाद रुग्णास तोलून धरू शकत नाहीत. म्हणून वृद्धाची नाडी पाहून झाल्यावर सोबत आलेल्या व्यक्तीकडेही क्षणभर पाहावे, आणि तिला पेलेल एवढीच चिकित्सा लिहावी.