मोहरीएवढा साक्षीदार

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याच्या शिवारात डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. पण तिथले पाणी कसे होते, हे सांगतो तो ऑस्ट्राकॉड. मोहरीएवढा किंवा त्याहूनही बारीक जीव. जात झिंग्याची, पण शेंगेच्या दोन टरफलांत दाणा असावा, तसे अंग चुन्याच्या दोन शिंपल्यांत मिटलेले. आपल्या तलावांतही तो असतो. जीव मरतो, शिंपले गाळात राहतात.

काही जाती गोड्या पाण्यातल्या, काही समुद्रातल्या. पिसदुऱ्याला निघाल्या गोड्या पाण्यातल्या. म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र नव्हता, तळी-डबकी होती. दगड झालेल्या शेणातही हे शिंपले मिळाले! पाण्याबरोबर पोटात गेले असावेत.

गुरुजी, मुलांनी असा दगड आणला, तर कोणत्या शेतातला, किती खोलीवरचा, हे आधी लिहून ठेवा. हाडे मात्र जागची हलवू नका.