गुड फ्रायडे : बँक बंद, देणे एक दिवस आधी

१८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली निघाले. सदरमधील ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डि सेल्स ही कॅथेड्रले तर आपल्या रोजच्या पाहण्यातली. ख्रिस्ती समाज आपला जुना शेजारी आणि जुना ग्राहक आहे. तरीही त्यांच्या गुड फ्रायडेची आठवण व्यापाऱ्यांना बहुधा बँकेच्या बंद दारासमोरच होते.

हा दिवस आनंदाचा नाही, शोकाचा व उपवासाचा आहे. हजरत ईसा (अ.स.) यांच्याबद्दल त्यांची व आपली श्रद्धा वेगळी, पण रिवाज माहीत असणे व्यवहाराचे आहे. त्या दिवशी मुबारकबाद देऊ नये. ती रविवारी, ईस्टरला द्यावी. आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अनेक घरांत मांसाहार टाळतात. कपडे, केक यांची खरेदी ईस्टरसाठी होते. शिंपी व बेकरीवाल्यांनी तारीख वर्षारंभीच लिहून ठेवावी, कारण ती दरवर्षी बदलते.

आता कारोबाराचा मुद्दा. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे गुड फ्रायडे रमजानात आला. २०२४ मध्ये २९ मार्चला गुड फ्रायडे, ३१ ला रविवार आणि १ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँका ग्राहकांना बंद. चार दिवसांत व्यवहाराला मिळाला तो एक शनिवार, आणि मोमिनपुऱ्यात ईदच्या मालाची घाई! अशा वेळी चेक वटत नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून सुटीतही चालतात, हाच आधार.

याहून मोठा धोका मुदतीचा आहे. सुटी आली म्हणजे देणे दुसऱ्या दिवशी, असे अनेकजण धरून चालतात. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम २५ नेमके उलट सांगते. वचनचिठ्ठी किंवा बिलाची मुदत सार्वजनिक सुटीला भरत असेल, तर ते आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होते. सवलतीचे तीन दिवस धरून मुदत गुड फ्रायडेला संपली, तर पैसे गुरुवारीच हवेत. एका दिवसाच्या चुकीने बाजारातली पत जाते, आणि गेलेली पत लवकर परत येत नाही.

महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा त्याच्या कक्षेतील दुकानांना आठ पगारी सणसुट्या द्यायला सांगतो. चार ठरलेल्या, चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या. आपल्याकडे ख्रिस्ती कारागीर असेल तर त्याचा सण त्या चारांत घ्यावा. ईदची सुटी मागताना आपल्यालाही हेच हवे असते.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात शंभरात नव्वदहून अधिक लोक मुसलमान आहेत. तरीही तेथे ईस्टरच्या सोमवारी सार्वजनिक सुटी असते. गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरांत बाजरी, शेंगदाण्याचा लगदा आणि गोरखचिंचेच्या गराचा 'न्गालाख' नावाचा गोड पदार्थ करून मुसलमान शेजाऱ्यांकडे पाठवतात. बकरीदला मुसलमान घरांतून त्यांच्याकडे गोश्त जाते. आपल्या शीरखुर्म्याची वाटी सदरपर्यंत पोहोचतेच. शेजाऱ्याच्या सणाची तारीखही आपल्या वहीत असावी. त्यात शेजारधर्म आहे आणि धंद्याची बरकतही.