वेगवान ड्राइव्ह, बंद कप्पा आणि हुबळीचा उन्हाळा



आपल्या संगणक कक्षातील दहा जुन्या यंत्रांसाठी नवे ड्राइव्ह घेण्याचा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी देणगी देऊ केली आहे. जी कोटेशने आली आहेत त्यांत सर्वांत महाग ड्राइव्हच्या खोक्यावर ‘सेकंदाला ७००० मेगाबाइट’ असा आकडा छापला आहे, तर साध्या ड्राइव्हच्या खोक्यावर ५५०. साहजिकच अनेकांनी आम्हाला विचारले, “एकदाच घ्यायचे तर चांगलेच का घेऊ नये?” प्रश्न रास्त आहे. पैसा देणगीचा आहे, म्हणून उत्तर नुसत्या मतावर न देता करून पाहूनच द्यावे असे आम्ही ठरवले. त्या खटाटोपात आमचीही एक फजिती झाली. तीही येथे सांगत आहोत.

चकती आणि चिप

आधी थोडी ओळख. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर एक सुई-वजा हात पुढेमागे सरकतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली उघडाव्या लागतात, आणि म्हणूनच आपली जुनी यंत्रे तास सुरू होऊन गेला तरी ‘थांबा’ म्हणत राहतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, यात फिरणारे काहीच नाही. माहिती फ्लॅश चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपाने साठते. ही चिप जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून निघाली. आज ड्राइव्हमध्ये वापरतात तो नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. चकती फिरण्याची वाट पाहायची नसल्याने छोटी फाइल हार्ड डिस्कच्या साधारण शंभरपट लवकर हाती येते. जुन्या यंत्राला नवा जन्म मिळाल्यासारखे वाटते ते यामुळे. हा फायदा साध्या एसएसडीतही जवळजवळ पूर्ण मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

साधी एसएसडी साटा नावाच्या जोडणीतून चालते. तिची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट. वेगवान ड्राइव्ह म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी. ती मदरबोर्डवरच बसते आणि तिला मोठा रस्ता मिळतो. पिढीप्रमाणे तिचे आकडे ३५००, ७००० आणि आता १४००० च्या आसपास गेले आहेत.

आमची फजिती

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण जुळवण्यासाठी एका यंत्रात असा एक वेगवान ड्राइव्ह आम्ही बसवला होता. साधारण ३०० गिगाबाइटचे चित्रीकरण त्याच यंत्रातील दुसऱ्या ड्राइव्हवरून त्यावर उतरवायला घेतले. सुरुवातीला पट्टी झरझर पुढे सरकली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात ती रेंगाळू लागली. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडला तेव्हा ड्राइव्ह ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला दिसला.

कारणे शोधताना तीन गोष्टी सापडल्या, आणि तिन्ही आमच्याच चुका होत्या. चोरीच्या भीतीने यंत्राचे कॅबिनेट आम्ही टेबलाच्या बंद लाकडी कप्प्यात कुलूप लावून ठेवले होते. पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत होता. दुसरे म्हणजे जाळीवर धुळीचा थर होता. तिसरी चूक सांगताना अजून हसू येते. ड्राइव्ह आणि त्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक मऊ गादी असते. तिच्यावरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा असतो. तो आम्ही काढलाच नव्हता! नववीतल्या एका मुलीच्या ते लक्षात आले.

एवढी उष्णता येते कोठून?

घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा पाहा. त्याची मागची बाजू हाताला चांगलीच गरम लागते. वेगवान ड्राइव्हही पूर्ण जोरात लिहिताना काही वॅट, आणि सर्वांत नवीन पिढीतला तर १० वॅटच्या आसपास वीज घेतो. त्यातली बरीचशी उष्णता नखाएवढ्या एका नियंत्रक चिपमधून निघते. दिव्याला उष्णता पसरवायला मोठे अंग असते, पट्टीला ते नसते. म्हणून तिच्यावर धातूची पट्टी लावतात.

तापमान साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, प्रत्येक ड्राइव्हने ठरवलेल्या हद्दीला, पोचले की नियंत्रक स्वतःहून वेग कमी करतो. हा बिघाड नाही, बचाव आहे. दुपारच्या उन्हात चालणारा शहाणा माणूस पावले आवरतो, तसेच हे. माहिती यात जात नाही, वेळ मात्र जातो.

येथे आपल्या गावाचा संबंध येतो. खोलीची हवा जितकी गरम, तितकाच ड्राइव्हही जास्त गरम राहतो. खोक्यावरचा वेग मोजतात तेव्हा खोली बहुधा २२-२५ अंशांची असते. हुबळीत एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७ च्या आसपास जातो. म्हणजे काम सुरू होण्याआधीच १२ ते १५ अंशांची सवड आपण गमावलेली असते. बंद कप्प्यात ती आणखी कमी होते. नागपूर-अकोल्याकडच्या शाळांची अवस्था तर विचारूच नये.

मोठ्या यंत्रांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक थंड ठेवण्यासाठी थेट पाण्याचा उपयोग केला आहे, कारण पाणी हवेपेक्षा पुष्कळच जास्त उष्णता वाहून नेते. आपल्याला पाण्याची गरज नाही, पण नियम तोच आहे. उष्णता नाहीशी होत नाही. तिला बाहेर जायला वाट द्यावी लागते.

थंड करूनही वेग का पडला?

आम्ही कॅबिनेट कप्प्याबाहेर काढले, धूळ झाडली, पापुद्रा काढला आणि पुन्हा तेच चित्रीकरण उतरवले. या वेळी तापमान आटोक्यात राहिले. वेग बराच वेळ टिकला, पण पुढे एका ठिकाणी एकदम खाली आला. पुन्हा करून पाहिले तर जवळपास तितकीच माहिती लिहून झाल्यावर तो पुन्हा पडला. तेव्हा उमगले की हे कारण निराळे आहे.

आजच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये एका घरात तीन किंवा चार बिट ठेवतात. त्यामुळे कमी पैशांत जास्त जागा मिळते, पण असे दाटीने लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह आपल्या काही भागात आधी एकेकच बिट भरभर लिहितो आणि मोकळ्या वेळात ते नीट दाटीने मांडतो. पाहुणे आले की सामान घाईने पडवीत ठेवावे आणि निवांतपणे आत लावावे, तसा हा प्रकार. पडवी भरली की पुढचे सामान थेट आत लावावे लागते आणि काम मंदावते. चार बिटांच्या स्वस्त ड्राइव्हचा वेग अशा वेळी हार्ड डिस्कइतका, कधी त्याहूनही कमी होतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही पडवी लहान. म्हणून थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी.

मुलांनो, दोन कारणे ओळखण्याची ही खूण लक्षात ठेवा. तापमान चढल्यावर वेग पडत असेल तर उष्णता. तापमान ठीक असून ठरावीक माहितीनंतर पडत असेल तर पडवी.

देशपांडे नगरातल्या मुलांना गाण्याचे उदाहरण पटावे. गंगूबाई हनगल यांचे घर आपल्याच नगरातले. एका तानेवरून कोणी गायकाची पारख करत नाही. सगळ्या बैठकीत आवाज कसा टिकतो ते पाहतात. खोक्यावरचा आकडा ही एक तान आहे.

मग शाळेने काय घ्यावे?

एक साधा हिशेब पाहू. कॅमेऱ्याच्या कार्डातून सेकंदाला ९० मेगाबाइट निघत असतील, तर ६० गिगाबाइट उतरवायला सुमारे ११ मिनिटे लागतील. मग ड्राइव्ह ५५० चा असो वा ७००० चा. कक्षातले नेटवर्क सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा जास्त देऊ शकत नाही. नळ बारीक असेल तर हौद मोठा करून पाणी लवकर येत नाही. शिवाय जुन्या मदरबोर्डवर वेगवान पट्टी बसवायला वेगळे कार्ड लागेल, काही यंत्रे तीवरून सुरूही होणार नाहीत, आणि जी होतील त्यांना पूर्ण वेग मिळणार नाही.

यावरून आमची शिफारस अशी. दहा यंत्रांना चांगल्या प्रतीच्या साध्या साटा एसएसडी घ्याव्यात. चित्रीकरणाच्या एका यंत्रात वेगवान ड्राइव्ह आहे, तो पुरेसा आहे. सर्व टेबलांच्या कप्प्यांच्या मागच्या फळ्या काढून तेथे जाळी बसवावी. कुलूप राहील आणि हवाही खेळेल. उन्हाळी सुट्टीआधी आणि दिवाळीनंतर धूळ काढावी.

वाचलेल्या पैशातून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि एक यूपीएस घ्यावा. ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. एसएसडी वेगवान असली तरी विजेशिवाय कपाटात वर्षानुवर्षे माहिती जपण्यासाठी ती नाही. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जे मानक आहे, त्यात पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा आहे. जागा गरम असेल तर ही मुदत घटते. एसएसएलसीच्या मुलांचे अंतर्गत गुण, जुने निकाल, शाळेचे फोटो यांच्या दोन प्रती हार्ड डिस्कवर हव्यात, आणि त्यांतली एक शाळेबाहेर सुरक्षित ठिकाणी. हरवलेली माहिती कोणताही वेग परत आणत नाही.

पालकहो, घरी संगणक घेताना हाच विचार करावा. दुकानदाराला आकड्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: एका घरात किती बिट, आणि पट्टीवर धातूचे आवरण आहे का? घरी आल्यावर कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवू नका.

आणि हो, तो प्लॅस्टिकचा पापुद्रा तेवढा काढायला विसरू नका. आमचा आम्ही संगणक कक्षाच्या फलकावर टाचून ठेवला आहे. येता-जाता जरूर पाहावा.